एकाच चित्रमालिकेचे तीन प्रेक्षक: प्रदर्शन, कलामेळा आणि पुरस्कार

मी हातकागदावर शाईने काम करते. एका समकालीन कलादालनाने माझी चित्रमालिका स्वीकारली आणि पुढे तीच मालिका आधी त्यांच्या दालनात, मग परदेशातील एका कलामेळ्यात आणि शेवटी एका पुरस्काराच्या परीक्षकांसमोर गेली. चित्रे बदलली नाहीत. पाहणाऱ्याजवळचा वेळ मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा होता, आणि तयारीचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या वेळावरूनच ठरत गेला. या वाटेने पहिल्यांदाच जाणाऱ्या चित्रकारांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात करारपत्राने झाली. कलादालन सहसा चित्रे विकत घेत नाही, विक्रीसाठी ताब्यात घेते. विक्री होईपर्यंत मालकी चित्रकाराचीच राहते. विक्रीच्या रकमेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा ही समकालीन कलाव्यवहारातील रूढ पद्धत आहे. हा वाटा अनेकांना जाचक वाटतो. माझे मत तसे नाही, पण त्या निम्म्या वाट्यात कोणकोणता खर्च येतो हे लेखी ठरलेले असले पाहिजे. चौकटी कोणी करायच्या, वाहतुकीत विमा कोणत्या किमतीवर उतरवायचा, ग्राहकाला दिलेली सवलत कोणाच्या वाट्यातून जाणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे प्रश्न मी सह्या होण्यापूर्वी विचारले. चित्र विकले गेले तरी त्याच्या पुनर्मुद्रणाचा हक्क माझ्याकडेच राहील, हे वाक्यही त्यात घालून घेतले.

प्रदर्शनाची तयारी हा या प्रवासातील सर्वांत समृद्ध भाग होता. चित्रे निवडणाऱ्या क्युरेटरांनी मालिकेतील सर्व कागद जमिनीवर मांडले आणि जी चित्रे एकटी उत्तम होती पण शेजारच्या चित्राचे बोलणे तोडत होती, ती बाजूला काढली. अशी निवड चित्रकाराला स्वतःहून करणे फार अवघड असते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर यावा, असा टांगणीचा प्रचलित संकेत आहे. आम्ही तो पाळला, फक्त सर्वांत लहान चित्रे थोडी खाली घेतली, कारण त्यांच्याकडे वाकून पाहावे अशी माझी इच्छा होती. प्रत्येक कागद जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने आम्लरहित पुठ्ठ्यावर वरच्या कडेलाच बसवला, म्हणजे हवेतील ओलाव्याबरोबर त्याला फुगायला आणि आकसायला मोकळीक राहते. काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये अंतर ठेवले.

प्रकाशाबाबत मात्र कलादालनाशी बरीच चर्चा झाली. कागदावरील कामांसाठी संग्रहालयांमध्ये साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात, कारण प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि भरून येत नाही. २०० लक्सच्या उजेडात एका तासात जेवढा प्रकाश कागदावर पडतो तेवढा ५० लक्समध्ये पडायला चार तास लागतात. विक्रीच्या दालनाला झगझगीत भिंती हव्या असतात, हेही मी समजू शकते. शेवटी बाहेरच्या खोलीतील उजेड टप्प्याटप्प्याने उतरवत आतल्या खोलीत मंद केला, त्यामुळे तिथे पोहोचेपर्यंत पाहणाऱ्याचे डोळे सरावलेले असत. लोक आत थांबत, परत फिरून येत आणि पुन्हा पाहत. शाईचे थर दिसायला वेळ लागतो, आणि तो वेळ कलादालन देऊ शकते. कलादालनाची खरी ताकद मला यातच दिसते.

कलामेळ्यात हा वेळ नसतो. आधुनिक कलेच्या बाजारासाठी भरणाऱ्या मेळ्यांची आजची पद्धत १९६७ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे सुरू झाली, तेव्हा त्यात १८ कलादालने सहभागी होती. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेलचा मेळा उभा राहिला आणि पुढे जगभर त्याचे अनुकरण झाले. अशा मेळ्यात अर्ज चित्रकार करत नाही, कलादालन करते. निवड समितीत बहुधा इतर कलादालनांचेच चालक असतात आणि बूथचे भाडे चौरस मीटरवर आकारले जाते. आमच्या कलादालनाने अनेक चित्रकारांची सरमिसळ न मांडता एकाच मालिकेचा प्रस्ताव मोजमापाच्या नकाशासह पाठवला. एकट्या चित्रकाराचा बूथ कलादालनासाठी आर्थिक जोखीम असते, म्हणून त्यांच्या या निर्णयाचे मोल मला मोठे वाटते.

मग कागदपत्रे आली. परत आणायच्या वस्तू तात्पुरत्या परदेशी नेण्यासाठी एटीए कार्ने नावाचा सीमाशुल्काचा दस्तऐवज वापरतात. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते आणि यादीतील प्रत्येक वस्तूचे वर्णन पेटाऱ्यातील वस्तूशी तंतोतंत जुळावे लागते. चित्र तिथेच विकले गेले, तर आयातीची प्रक्रिया आणि शुल्क यांचा वेगळा हिशोब होतो. पेटाऱ्याच्या लाकडालाही नियम आहेत. कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून घन लाकडावर उष्णतेची प्रक्रिया करतात. प्रचलित पद्धतीत लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखावे लागते आणि तसा शिक्का लाकडावर असावा लागतो. प्लायवूडला ही अट लागू नाही, पण त्याला जोडलेल्या घन लाकडाच्या पट्ट्यांना आहे.

प्रत्येक चित्राचा स्थितिदर्शक अहवाल मी स्वतः लिहिला: चारही कोपऱ्यांची छायाचित्रे, तिरप्या प्रकाशात टिपलेला पृष्ठभाग आणि मागची बाजू. परतीच्या प्रवासात एका चौकटीचा कोपरा दबला, तेव्हा निघतानाचा आणि उतरतानाचा अहवाल शेजारी ठेवून विम्याचा दावा वादाशिवाय मान्य झाला. कागद सुरक्षित होता.

मेळ्यात चालत जाणारा माणूस बूथसमोर काही क्षणच असतो. म्हणून सर्वांत मोठा कागद दर्शनी भिंतीवर एकटाच लावला आणि लहान चित्रे आतल्या बाजूच्या भिंतीवर घेतली. दुरून काळा वाटणारा तो कागद जवळ गेल्यावर निळा आणि तपकिरी होत जातो, आणि त्यामुळे बरेच जण पाऊल आत टाकत. पुढचे संभाषण कलादालनाच्या सहकाऱ्यांनी सांभाळले. चित्र राखीव ठेवले म्हणजे विकले गेले असे होत नाही, म्हणून राखीव चित्रांसाठी त्यांनी ठरावीक मुदत दिली होती आणि ती काटेकोरपणे पाळली.

पुरस्कारांचे मार्ग दोन प्रकारचे आहेत. ब्रिटनमधील १९८४ पासूनच्या टर्नर पुरस्कारासाठी चित्रकार अर्ज करत नाही, परीक्षक मंडळ निवडक कलावंतांची यादी जाहीर करते. या पुरस्काराची ५० वर्षांखालील वयाची अट २०१७ मध्ये काढली गेली आणि त्याच वर्षी लुबैना हिमिड यांना ६३ व्या वर्षी तो मिळाला. उशिरा बहरणाऱ्या कलावंतांसाठी हा बदल मला अत्यंत न्याय्य वाटतो. बासेलमध्ये तर १९९९ पासून मेळ्यातील एकल मांडणीच्या विभागालाच जोडून पुरस्कार दिला जाऊ लागला आणि त्यातून खरेदी केलेली कामे संग्रहालयांना दिली गेली.

माझा पुरस्कार अर्जाचा होता. परीक्षक पहिल्या फेरीत पडद्यावर प्रतिमा पाहतात, तिथे कागदाचा आकार, पोत आणि वजन सगळेच हरवते. त्यामुळे मी प्रदर्शनातील भिंतीसह टिपलेले एक छायाचित्र सर्वांत आधी ठेवले, त्यानंतर पूर्ण चित्रे आणि शेवटी शाईच्या थराचा जवळून घेतलेला तपशील. निवेदनात भावना कमी आणि कृती अधिक लिहिली: कागद किती वेळ ओला ठेवला, शाई किती थरांत चढवली, कुठे थांबले आणि का. दुसऱ्या फेरीत प्रत्यक्ष कामे मागवली गेली आणि मालिका अंतिम प्रदर्शनापर्यंत पोहोचली. पुरस्कार दुसऱ्या कलावंताला मिळाला; त्यांचे काम मी त्याच दालनात मनापासून पाहिले आणि निर्णय योग्य होता असे मला वाटले. त्या प्रदर्शनातूनच एका सार्वजनिक संग्रहाने मालिकेतील दोन कागद विकत घेतले.

कलादालनाशी नवा करार करताना मी तीन कलमे वाढवून घेतली. कागदावरील कामांसाठी प्रकाशाची कमाल मर्यादा आणि वर्षभरातील प्रदर्शनाचा एकूण काळ आता लेखी आहे. विकल्या गेलेल्या प्रत्येक कामाच्या खरेदीदाराचे नाव मला कळवले जाईल, जेणेकरून पुढे एखाद्या प्रदर्शनासाठी ते काम उसने मागता येईल. आणि प्रत्येक प्रवासानंतरचा स्थितिदर्शक अहवाल दोघांच्या सहीने नोंदवला जाईल.