तिसरीच्या बाई आणि पंचवीस बिड्या

अमृतमहोत्सवाची पत्रिका मोबाईलवर आली तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये होते. पत्रिकेवर आपल्या निपाणीच्या शाळेचा फोटो होता. त्याच पायऱ्या आणि तीच चिंच. शाळेनं आपल्याला काय दिलं यावर स्मरणिकेसाठी लिहा, असं कळवलंय. दिलं तर पुष्कळ, पण लिहायला बसलं की तिसरीच्या बाई समोर येतात आणि बाकी सगळं मागं सरतं. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते. नाव लिहीत नाही. त्या वर्षांत जे शाळेत होते त्यांना 'तिसरीच्या बाई' एवढं पुरे.

बाईंनी आम्हाला सम-विषम शिकवलं ते पुस्तक न उघडता. मधल्या सुट्टीत आम्ही चिंचेखाली एकी-बेकी खेळायचो. मुठीत चिंचोके घ्यायचे, मूठ पुढं करायची आणि विचारायचं, "एकी का बेकी?" बाईंनी तो खेळ उचलून वर्गात आणला. मूठ उघडली की चिंचोके दोन-दोन करून मांडायचे. सगळ्यांना जोडीदार मिळाला तर बेकी, म्हणजे सम. एक उरला तर एकी, म्हणजे विषम. "पाठ करू नका, जोडी लावून बघा," हे त्यांचं वाक्य मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

मग त्यांनी ज्वारीच्या धाटांच्या काड्या आणल्या आणि दहा-दहाच्या जुड्या बांधायला लावल्या. सदतीस काड्या, म्हणजे तीन जुड्या आणि सात सुट्या. बाईंनी तिन्ही जुड्या उचलून खिडकीत ठेवल्या. "जुडीत दहा. पाच जोड्या झाल्या, एकटं कुणी राहिलं नाही. मग ती सोडून कशाला मोजायची? सुट्या बघा." सातात एक उरली. शंभराच्या गठ्ठ्याच्या पन्नास जोड्या, म्हणून तोही खिडकीत. संख्या केवढीही मोठी असो, शेवटचा अंकच का बघायचा, हे मला त्या दिवशी कळलं. माझी भाची पुण्यात चांगल्या शाळेत जाते. शेवटी शून्य, दोन, चार, सहा, आठ आला की इव्हन, हे ती घडाघडा म्हणते. का, असं विचारलं की गप्प होते. मी तिच्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या जमवल्या आहेत.

आपली निपाणी कर्नाटकात, त्यामुळं आणखी एक अडचण होती, ती पुण्याच्या माणसाला समजावून सांगावी लागते. कन्नडच्या तासाला समला सरी आणि विषमला बेस म्हणायचं. आमच्या डोक्यात 'बे' म्हणजे दोन, बे एके बे, बेकी म्हणजे जोडी. मग बेस म्हणजे एकटं कसं? अर्ध्या वर्गानं चाचणीत उलटं लिहिलं, त्यात मीही होते. आमची चूक बाईंनी चूक मानलीच नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही दोन भाषांतून विचार केला म्हणून असं झालं, ज्याला एकच भाषा येते त्याला हा घोटाळा करताच येणार नाही. मग फळ्यावर दोन चिंचोके काढून खाली 'बेकी, सरी' लिहिलं, एक चिंचोका काढून खाली 'एकी, बेस'. वर्ष संपेपर्यंत तो कोपरा कुणी पुसला नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते.

माझी आई बिड्या वळायची. निपाणीत त्या काळी आमच्या गल्लीत कुठल्याही घरात डोकावलं तरी सोप्यात बाया सूप मांडीवर घेऊन बसलेल्या दिसायच्या. 1981 साली शेतकऱ्यांनी तंबाखूच्या दरासाठी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, "तवा तू रांगत हुतीस," असं आई माझं वय सांगायची. तंबाखूवरच आमच्याकडं दिवस आणि वर्षं मोजली जायची.

बाईंनी एकदा सांगितलं, घरात जे मोजलं जातं ते घेऊन या. कुणी शेंगा आणल्या, कुणी बांगड्या, एकानं चुन्याच्या डब्या. मी आईला न विचारता बिडीचं एक बंडल दप्तरात घातलं. ते बाहेर काढताच मागून कुणीतरी ओरडलं, "बिडी! बिडी आणली!" सगळा वर्ग हसला. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

बाई आल्या. बंडल हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"कुणी वळल्यात या?"

"आईनं."

"किती एकसारख्या आहेत बघा रे," त्या वर्गाला म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची हजेरीची वही बाजूला केली, दोरा सोडला आणि मला बोलावून जोड्या लावायला सांगितल्या. बारा जोड्या झाल्या, एक बिडी उरली. पंचवीस विषम. हसणारी पोरं टेबलाभोवती वाकून बघत होती.

पण गोळा करताना बाईंच्या हातून एक बिडी मोडली. मला रडू फुटलं. बंडलात एक जरी कमी भरली तरी माल घेणारा माणूस अख्खं बंडल परत टाकायचा, हे मला ठाऊक होतं. बाईंना मी काही सांगू शकले नाही, नुसती रडत राहिले.

संध्याकाळी बाई घरी आल्या. आई सूप बाजूला ठेवून, पदर झटकत उठली.

"पोरीनं काय केलं व्हय, बाई?"

"तिनं काही नाही केलं. तुमची एक बिडी माझ्या हातून मोडली, ते सांगायला आले."

आईला काय बोलावं कळेना. शाळेतल्या बाई एका बिडीसाठी घरी आल्या होत्या. तिनं खाली बसून पान घेतलं, तंबाखू भरली, वळली, दोरा बांधला, आणि चोविसाचं पंचवीस करून टाकलं. बाई शेजारीच पोत्यावर बसल्या आणि बघत राहिल्या. मग विचारलं, दिवसाला किती होतात?

"उजाडल्यापासनं बसलं तर हजार. चाळीस बंडलं."

"मोजताना चुकत नाही?"

"चुकंल कशानं? बंडलं दोन-दोन मांडायची. दोन बंडलं म्हंजे पन्नास. बंडलाला जोडी मिळाली तर बिडीलाबी मिळती. बंडल एकटं ऱ्हायलं की आत एक बिडीबी एकटी ऱ्हाती."

बाई एकदम सरळ बसल्या. "परत सांगा," म्हणाल्या. आईला वाटलं आपलं काही चुकलं. तिनं हळू आवाजात परत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बाईंनी लिहिलं: 25 आणि 25 मिळून 50. आणखी 25 मिळवले तर 75. आणखी 25, शंभर. सम, विषम, सम. मग वर्गाकडं वळून म्हणाल्या, "दोन विषम संख्यांची बेरीज सम होते. पुस्तकात हा नियम पुढं येईल. आपल्या वर्गाला तो हिच्या आईनं सांगितलाय." आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

आई अंगठा करायची. घरी येऊन मी सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले नाहीत. पण रात्री भाकरी झाल्यावर तिनं विचारलं, "फळ्यावर लिवलं म्हंतीस, काय लिवलं?" मी चुलीपुढं राखेत बोटानं 25 काढून दाखवले. तिनं त्याच्यावरून बोट फिरवलं. तिला लिहिता आलेला तो पहिला आकडा.

त्यानंतर वर्गात मला कुणी बिडीवाली म्हटलं नाही. मी गणितात पुढं गेले. दहावीनंतर बिडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा अर्जही बाईंनीच भरून दिला होता. आज मी ज्या कंपनीत आहे तिथं यंत्रांकडून येणारी माहिती नीट पोचली की नाही हे तपासायचं काम चालतं. त्याची एक जुनी पद्धत आहे. एक आणि शून्यांच्या रांगेला शेवटी एक जादा आकडा जोडतात, रांगेतल्या सगळ्या 'एक'ची मोजणी सम भरावी म्हणून. त्याला पॅरिटी बिट म्हणतात. वाटेत एखादा आकडा उलटला की मोजणी विषम होते आणि चूक सापडते. दोन उलटले तर मात्र मोजणी पुन्हा सम येते आणि चूक निसटते. कॉलेजात हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा 'दोन चुका का निसटतात' याचं उत्तर मी सगळ्यांच्या आधी दिलं. बंडलाला बंडलाची जोडी मिळाली, एवढंच ते होतं.

बाईंशी फोनवर बोलणं होतं. निपाणीवरून जाणारा रस्ता पूर्वी 4 नंबरचा होता, आता 48 आहे. 2010 साली महामार्गांचे नंबर बदलले तेव्हा उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम नंबर द्यायचे ठरलं. हे वाचलं त्या दिवशी मी बाईंनाच फोन केला. त्यांनी मला तीनदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "मी शिकवत होते तेव्हा हे मला माहीत असतं तर पोरांना रस्त्यावर नेऊन पाटी दाखवली असती."

मागच्या दिवाळीत शाळेत जाऊन आले. तिसरीच्या खोलीत आता दोन वर्ग एकत्र बसतात, तरी बाकं रिकामी राहतात. पट इतका उतरलाय की बघवत नाही. गल्लीतली मुलं सकाळी पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्या आईबापांना मी काय बोलणार? माझी भाचीही तिकडंच जाते. पण खोलीत उभी राहिले तेव्हा गलबलून आलं. चिंच अजून आहे. खाली चिंचोके पडले होते, उचलायला कुणी नव्हतं. मी मूठभर पर्समध्ये टाकले.

आईची बोटं आता वळत नाहीत, बिड्या सोडून बरीच वर्षं झाली. पत्रिका तिला वाचून दाखवली. अध्यक्ष कोण, पाहुणे कोण, सत्कार कुणाचे, सगळं तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई येणार हायत्या का?"

येणार आहेत. मी तिला घेऊन आदल्या दिवशीच निपाणीत येते आहे.