तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या जुन्या हार्ड डिस्क घेतं कोण?

"७३ जीबी? अहो, माझ्या फोनमध्ये याहून जास्त जागा आहे!" नारायण पेठेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस कपाटाकडे बघून हे म्हणतोच, आणि लगेच विचारतो, "आता या घेतं कोण?"

ज्याचं मशीन अजून चालू आहे, तो घेतो.

गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी संध्याकाळी भोसरीच्या एका कारखान्यातून फोन आला. तिथलं मोजमापाचं मशीन अजून मायक्रॉनमध्ये अचूक मोजतं. पण त्याचं सॉफ्टवेअर जुन्याच विंडोजवर चालतं, त्याचं कार्ड आजच्या सर्व्हरमध्ये बसत नाही, आणि ज्यांनी ते बसवून दिलं त्यांचा धंदा कधीच बंद झाला. नवा सर्व्हर घ्यायचा म्हणजे चांगलं चाललेलं मशीनही काढायचं. त्याच्या सर्व्हरमध्ये तीन डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे एक गेली तर तिचा डेटा उरलेल्या दोघींवरून पुन्हा काढता येईल अशा, लावल्या होत्या. त्यातल्या एकीचा दिवा पिवळा झाला होता. एक गेली तरी काम चालतं. दुसरी गेली की सगळं गेलं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, "शुक्रवारच्या पहिल्या पाळीला चालू द्या, बाकी काही मागत नाही."

अशा वेळी नुसती ७३ जीबीची डिस्क असून भागत नाही. त्यांना ८० पिनची अल्ट्रा ३२० स्कझी हवी होती. स्कझी म्हणजे जुन्या सर्व्हरमध्ये डिस्क जोडायची पद्धत. ८० पिनवालीत वीज, डेटा आणि आयडी, म्हणजे डिस्कचा क्रमांक, एकाच कनेक्टरमधून येतात. ६८ पिनवालीला वीज वेगळी द्यावी लागते, आयडीचा जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, हाताने लावावा लागतो, आणि ती सर्व्हरच्या सरकत्या ट्रेमध्ये बसतच नाही. शिवाय दोन कंपन्यांच्या ७३ जीबी तंतोतंत सारख्या नसतात. नवी डिस्क थोड्या ब्लॉकनेही लहान निघाली, तरी डिस्क सांभाळणारा कंट्रोलर तिला घेत नाही. मोठी चालते, लहान नाही. मोठ्या स्टोरेजमधून निघालेल्या काही डिस्कचे सेक्टर, म्हणजे डेटाचे कप्पे, ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात. त्या बसतात, फिरतात, पण पुन्हा फॉरमॅट केल्याशिवाय उपयोगाच्या नसतात, आणि त्यात तासन्‌तास जातात.

त्या रात्री मी कपाटातल्या चार डिस्क तपासल्या. मिनिटाला १५,००० फेरे, म्हणजे सेकंदाला अडीचशे. वीज दिली की बारीक शिट्टीसारखा आवाज चढत जातो आणि एका सुरावर थांबतो. त्या सुरात खरखर आली, तर मी पुढे बघतच नाही. मग डिस्कने स्वतःच ठेवलेली खराब सेक्टरांची यादी वाचायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी डिस्क वाचून काढायची आणि यादी पुन्हा बघायची. एकीची यादी दोन वाचनांमध्ये वाढली. तिला बाजूला केलं.

माझा बहुतेक माल कंपन्यांनी काढून टाकलेल्या सर्व्हरमधून येतो. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातही डिस्क दिसतात, पण गोणीतून ओतलेली डिस्क मी घेत नाही, दहा रुपयांत दिली तरी. खूप जुन्या, ५० पिनच्या स्कझीवाल्या मशीनला तर मी डिस्क देतच नाही. मेमरी कार्डवर चालणारा अ‍ॅडॉप्टर लावा म्हणून सांगतो. तो जास्त टिकेल.

भोसरीत गुरुवारी सकाळी डिस्क लगेच घातली नाही. रीबिल्ड होताना, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरला जाताना, उरलेल्या दोन्ही डिस्क पूर्ण वाचल्या जातात, आणि इतक्या वर्षांची दुसरी डिस्क नेमकी तेव्हाच दम सोडू शकते. म्हणून आधी सगळा डेटा बाहेर काढला, दोन ठिकाणी ठेवला, फायली उघडून पाहिल्या. जेवणाची वेळ होऊन गेली. मग ट्रे आत ढकलला. साहेब खुर्ची ओढून दिव्यासमोरच बसून राहिले. संध्याकाळी साडेसातला तो हिरवा झाला.

त्याच मॉडेलच्या उरलेल्या दोन डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, त्या कारखान्याचं नाव लिहून वरच्या खणात ठेवल्यात. त्या विकायच्या नाहीत.