सगळ्याला सेन्सिटिव्ह

आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये क्लेब्सिएला हा जंतू रोजचाच. मॅककॉन्कीवर (जंतू वाढवायच्या एका माध्यमावर) गुलाबी, फुगीर कॉलन्या दिसल्या की नाव डोक्यात येतंच. पण त्या सकाळी ब्लड अगर या दुसऱ्या माध्यमावरच्या कॉलनीला लूप (तारेचं कडं) टेकवून वर उचलला, तर काकवीसारखी तार निघाली आणि लांबतच गेली. 5 मिलिमीटरच्या वर गेली की स्ट्रिंग टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे जंतू दांडग्या जातीचा असल्याचा संशय. ही कितीतरी पुढं गेली. शिकाऊ पोरींना हाक मारून दाखवली.

पू खानापूरकडच्या एका ऊसवाल्याच्या लिव्हरमधला. शुगर जुनी. रक्तातही तोच जंतू. सेन्सिटिव्हिटी (कुठल्या औषधाला जंतू दबतो ती तपासणी) लावली तर अँपिसिलिन सोडून (ते क्लेब्सिएलाला मुळातच लागू पडत नाही) सगळी औषधं चालत होती. वॉर्डातल्या ज्युनिअरला फोन केला, तर म्हणतो, "मग साधाच आहे की, मॅडम!" इथं माझं डोकं फिरतं. औषधाला दबतो म्हणून जंतू गरीब ठरत नाही. तैवानमधून 1986 सालापासून असल्या केसेस नोंदल्या गेल्यात. हा लिव्हरमधून डोळ्यात, मेंदूत जाऊन बसतो. डोळे तपासा म्हणून मागं लागले. उजव्या डोळ्यात सुरुवात झालीच होती.

मग मुलगा बोलता बोलता म्हणाला, "गावात रक्त तपासलंय की. लोह कमी हाय म्हणून सलाईनीतनं दिलेत." फाइल मागवली. सीरम आयर्न खाली होतं, खरं. शेजारच्याच ओळीत फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन, दाहातही वाढतं) भरपूर वाढलेलं, ते कुणी वाचलंच नव्हतं. दाह सुरू झाला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि लोह पेशींच्या आत कोंडलं जातं, जंतूला मिळू नये म्हणून. जंतू एंटेरोबॅक्टिन हा लोह पकडणारा रेणू सोडून ते ओढायला बघतो. त्यावर आपल्या पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन-2 सोडतात. हे प्रथिन एंटेरोबॅक्टिनच धरून ठेवतं. साध्या क्लेब्सिएलाची इथं अडचण होते. दांडग्या जाती त्याच रेणूला ग्लुकोज चिकटवून सॅल्मोकेलिन बनवतात, ते लिपोकॅलिनच्या हाती लागत नाही. शिवाय लोह पकडायला एरोबॅक्टिन नावाचा वेगळाच रेणू काढतात, तोही सुटतो.

याच्याकडं हे सगळं होतं का? जीन तपासायची सोय आमच्याकडं नाही. तार निघाली एवढंच लिहिता येतं, आणि त्यालाही छापील रिपोर्टात रकाना नाही. औषधांच्या यादीखाली मी पेनानं लिहिते. ते कोण वाचतं, देव जाणे.

त्या लोहानं किती बिघडवलं हे मला अजून सुटत नाही. ताप आधीचा की सलाईननंतरचा, यावर घरचे एकमत होत नाहीत. नळी घालून पू काढला, सेफ्ट्रियाक्सोन चाललंय, डोळ्यातही इंजेक्शन दिलं. ताप उतरलाय, त्या डोळ्यानं अजून धूसरच दिसतं.

काल मुलगा लॅबच्या खिडकीशी आला. "लोहाची दुसरी बाटली आणून ठेवलीय, मॅडम. कधी लावायची?"

"मोठ्या डॉक्टरांना विचारा. पण आधी हे इन्फेक्शन जाऊ दे, फेरिटिन परत बघतील, मग ठरवतील."

"मग दुकानदार परत घेतोय काय बघतो," म्हणाला.