नव्या प्लॉटिंगमध्ये कार वेशीवर थांबवायची असेल तर

संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, कुठल्याही शहराच्या कडेला गेलं की एन.ए. (बिगरशेती) प्लॉटिंगचे फलक लागतात. दोन ते पाच एकरांचा तुकडा, तीस बाय चाळीसचे प्लॉट, तीस फुटी रस्ते आणि कुठल्या तरी वाकड्या कोपऱ्यात ढकललेली ओपन स्पेस. नकाशातला प्रत्येक रस्ता प्रत्येक दारापर्यंत कार नेण्यासाठीच आखलेला असतो. माझं ठाम मत आहे की एवढ्या आकाराच्या वस्तीत रोजच्या वापराच्या कारने आत यायचं काही कारण नाही. तिची जागा वेशीवर असावी आणि आतल्या गल्ल्या मुलांना, म्हाताऱ्यांना आणि झाडांना मिळाव्यात.

अंतराचा हिशेब करून बघा. चार एकर म्हणजे सुमारे १६,२०० चौरस मीटर. तुकडा चौरस धरला तर एक बाजू १२७ मीटर येते. वेशीपासून सगळ्यांत दूरचं घर वळणं धरूनही दोनशे मीटरच्या आत राहतं, म्हणजे नेहमीच्या चालीने अडीच मिनिटं. कार दारापर्यंत नेऊन आपण वाचवतो ती एवढीच वेळ, आणि तिच्यासाठी वस्तीतली जवळजवळ तीस टक्के जमीन डांबराखाली घालतो.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात फ्रेंच सैन्याची छावणी होती. ती रिकामी झाल्यावर तिथे वोबाँ (Vauban) नावाची वस्ती उभी राहिली. साडेपाच हजारांच्या आसपास लोक तिथे राहतात. गाड्या कडेच्या सामायिक इमारतींत ठेवतात, आणि ती जागा घराच्या किमतीत धरलेली नसते, वेगळी विकत घ्यावी लागते. सामान उतरवायला आत यायची मुभा आहे, पण माणसाच्या चालीने. आपल्याकडे माथेरानला प्रवाशांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. कल्पना नवी नाही. फरक असा की फ्रायबुर्गला टँकर येत नाही आणि मे महिन्यात पारा ४३ वर जात नाही. मराठवाड्यात अशी वस्ती टिकेल की मोडेल, हे पाणी, ऊन आणि दुचाकी या तीन गोष्टींवर ठरतं.

आधी जमिनीचं. चार एकरांत दहा टक्के ओपन स्पेस आणि साधारण तीस टक्के रस्ते गेले की ९,७०० चौ.मी. उरतात. त्यात १,२०० चौ.फुटांचे ८५ प्लॉट बसतात. कार वेशीवर ठेवायच्या तर ७५ प्लॉट पाडावेत आणि ४० गाड्यांची जागा ठेवावी. एका कारला उभं राहायला २.५ बाय ५ मीटर पुरतात, पण वळायची वाट धरली की २५ चौ.मी. लागतात. म्हणजे ४० गाड्यांना हजार चौ.मी., साधारण दहा गुंठे. उरलेल्या तीनशे-साडेतीनशे चौ.मी.मध्ये पाण्याचा हौद, किराणा, गिरणी आणि दूध केंद्र बसवा. दहा प्लॉट कमी झाले म्हणून विकासक तक्रार करील. त्यावर इलाज एकच, आणि तो वोबाँचाच. कारची जागा प्लॉटच्या किमतीत न धरता २५ चौ.मी. जमिनीच्या भावाने वेगळी विकावी. ज्याच्याकडे कार नाही त्याने दुसऱ्याच्या कारची जमीन का विकत घ्यायची? शिवाय घराच्या पुढच्या भागातला पोर्चही वाचतो.

इथे एक मोठा धोका आहे. पार्किंगची जागा मंजूर नकाशात पार्किंग म्हणूनच दाखवलेली हवी आणि प्रत्येकाच्या खरेदीखतात तिचा उल्लेख हवा. शक्य तितक्या लवकर ती रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून घ्यावी. तसं झालं नाही तर पाच वर्षांनी त्याच दहा गुंठ्यांचे प्लॉट पडतात आणि गाड्या गल्लीत येतात. ओपन स्पेस पार्किंगला वापरू असं कोणी सुचवलं तर ते सरळ नाकारावं. ती जागा कायद्याने मोकळी राहायची असते.

आता पाणी. मराठवाड्यात कारबंद गल्लीला पहिला विरोध इथूनच होतो: टँकर कुठून येणार? लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा हा प्रश्न किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं. तो रोज गल्लीत आला तर पेव्हर ब्लॉक वर्षभरात खचतात. म्हणून टँकर वेशीवरच रिकामा व्हावा आणि पुढे पाणी नळाने जावं.

७५ घरं, घरटी साडेचार माणसं धरली तर ३४० लोक होतात. टंचाईत माणशी ७० लिटर धरा, म्हणजे दिवसाला २४,००० लिटर, घरटी ३२० लिटर. दोन दिवसांचा साठा हवा म्हणून हौद ५ बाय ५ बाय २ मीटर, ५०,००० लिटरचा, आणि वर ३० सेंटिमीटर मोकळं. हा हौद विटांचा बांधू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्या दाबाने विटांची भिंत चिरते. आरसीसीच करावा आणि भोवती किमान एक फूट मुरूम भरावा. भर पावसाळ्यात तो पूर्ण रिकामा ठेवू नये. भूजल वर आलं की रिकामा हौद खालून उचलला जाऊ शकतो.

वाटप गल्लीगणिक पाळीने करा. पाच गल्ल्या, गल्लीत पंधरा घरं, प्रत्येक घराला मिनिटाला १६ लिटर, गल्लीला वीस मिनिटं. म्हणजे शंभर मिनिटांत वस्ती उरकते. याला ७५ मिलिमीटरची मुख्य लाइन, तीन एचपीचा पंप आणि गल्लीच्या तोंडाशी एकेक व्हॉल्व्ह पुरतो. बिघडतं ते असं: पहिल्या दोन घरांनी नळाला मोटार लावली की शेवटच्या घरांना पाणी उरत नाही, ते लोक टँकर थेट दारात मागवतात, आणि एकदा टँकर आत आला की त्याच्या मागून सगळंच आत येतं. ऐपत असेल तर उंचावर टाकी बांधून गुरुत्वाने पाणी सोडा. नसेल तर घराच्या जोडणीत प्रवाह मर्यादित करणारा व्हॉल्व्ह बसवा आणि शेवटच्या घराचं पाणी आठवड्यातून एकदा बादली लावून मोजा.

उन्हाचं गणित लोकांच्या लक्षात येत नाही. मे महिन्याच्या मध्याला मराठवाड्यात दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी दुमजली घराची सावलीसुद्धा गल्लीत पडत नाही. सावली द्यायची तर झाडाच्या माथ्यानेच द्यावी लागते. दोनशे मीटर चालणं सावलीत सहज होतं. तेच उघड्या डांबरावरून, हातात भाजीच्या पिशव्या घेऊन, सत्तरीच्या बाईला करायला लावलं तर आठवड्यात कार आत येईल, आणि तिचं काही चुकणार नाही.

म्हणून नऊ मीटरची गल्ली अशी वाटून घ्यावी: ३.६ मीटर मोकळी वाट, एका बाजूला ३.२ मीटरचा झाडांचा पट्टा, दुसऱ्या बाजूला २.२ मीटरमध्ये गटार, चेंबर, पाण्याची लाइन आणि विजेचे खांब. झाडं आणि पाण्याची लाइन एका बाजूला कधीच नको, मुळं सांध्यात शिरतात. उत्तर-दक्षिण गल्लीत झाडं पश्चिमेच्या बाजूला लावा म्हणजे दुपारनंतरचं ऊन अडतं. पूर्व-पश्चिम गल्लीत ऊन लांबीच्या दिशेने येतं, तिथे पट्टा मधूनमधून बाजू बदलत न्यावा म्हणजे सावल्या आळीपाळीने पडतात, आणि वाट नागमोडी झाल्याने गाडीचा वेगही उतरतो. कडुनिंब आणि करंज, सात-सात मीटरवर, एक मीटर लांब-रुंद-खोल खड्ड्यात काळी माती काढून पोयटा आणि शेणखत भरून. पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा वीस लिटर पाणी. गुलमोहर दिसायला सुंदर, पण वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात, गल्लीत नको. वड आणि पिंपळ ओपन स्पेसमध्ये, पार बांधून.

दुचाकीबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. आपल्याकडे घरोघरी असते ती मोटरसायकल किंवा स्कूटी, कार बरीच कमी. तिच्यावर बंदी घालायला गेलात तर सगळी योजनाच बुडेल. खांब रोवून ती अडतही नाही. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटरची फट लागते आणि मोटरसायकलचं हँडल त्यातून आरामात जातं. जी फट अपंगाला मोकळी तीच दुचाकीला मोकळी. तेव्हा दुचाकी दारापर्यंत येऊ द्यावी, पण गल्लीतून आरपार जाता येऊ नये. बाहेरच्या माणसाने शॉर्टकट म्हणून वापरली की गल्ली संपली. वाहनांची वेस एकच ठेवा. गल्ल्यांची मागची टोकं दोन मीटरच्या बोळांनी जोडा आणि त्या बोळांना काटकोनात दोन वळणं द्या. चालणारा आणि व्हीलचेअर सहज जातात, मोटरसायकलवाल्याला थांबत थांबत वळावं लागतं, आणि दोन-चार दिवसांत तो मोठ्या रस्त्याला लागतो.

वेग कमी करायला सिमेंटचे टोकदार गतिरोधक घालू नका. आपल्या कॉलन्यांमध्ये हौसेने घातलेले असे उंचवटे गरोदर बाईचे आणि पाठीचं दुखणं असलेल्याचे हाल करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरसाठी. असा एक वेशीवर पुरे. आत कडेचा दगड आणि वेगळा फुटपाथ काढूनच टाकावा, सगळं एका पातळीवर. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात साठच्या दशकाच्या शेवटी अशा गल्ल्या सुरू झाल्या आणि १९७६ साली तिथल्या कायद्यात आल्या. पायाखाली फरशी, मध्ये झाड, कडेला ओटा दिसला की गाडीवाला आपोआप पाय ब्रेकवर ठेवतो.

१०८ ची रुग्णवाहिका, अग्निशमनाचा बंब, घंटागाडी आणि गॅसवाला यांना आत आलंच पाहिजे. ३.६ मीटरची वाट त्यांना पुरते, अट एवढीच की ती कायम मोकळी हवी. कुलपाचा खांब लावू नका. रात्री दोन वाजता किल्ली सापडत नाही. फार तर एक लवचीक प्लास्टिकचा खांब लावा, जो बंबाच्या धक्क्याने वाकतो आणि परत उभा राहतो. वळणावर बंबाला नऊ मीटरची त्रिज्या मिळेल असं नकाशातच बघा. बहुतेक नकाशे पडतात ते याच ठिकाणी. सोयाबीन, तुरीच्या हंगामात ज्यांच्याकडे शेतातून पोती येतात त्यांच्या ट्रॅक्टरला सकाळची वेळ ठरवून द्यावी, आणि वेशीवर चार मजबूत हातगाड्या ठेवाव्यात. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, तो कोणी उचलून दोनशे मीटर नेणार नाही.

फरसबंदी कधी करायची, यात सर्रास घाई होते. प्लॉटिंगमधली घरं एकदम बांधली जात नाहीत. दहा-पंधरा वर्षं वाळूचे टिप्पर आणि हायवा येतच राहतात. सुरुवातीलाच पेव्हर टाकले तर तिसऱ्या घराच्या स्लॅबपर्यंत त्यांचा चुरा होतो. म्हणून आधी काळी माती दीड फूट काढून मुरूम दाबून भरा, वर खडीचा थर द्या आणि तसंच चालवा. निम्म्याहून जास्त घरं झाली की त्या गल्लीत ८० मिलिमीटरचे ब्लॉक, खाली ३० मिलिमीटर वाळू आणि दोन टक्के उतार. ६० मिलिमीटरचे ब्लॉक स्वस्त पडतात, पण ते फक्त पायवाटेचे; घंटागाडीखाली ते हलतात. झाडांना मात्र थांबू नका, ती पहिल्याच पावसाळ्यात लावा. पहिलं कुटुंब राहायला येईपर्यंत त्यांनी डोक्याच्या वर जायला हवं.

वेशीवरच्या पार्किंगवर छप्पर हवंच, नाहीतर उन्हात तापलेल्या गाडीकडे कोणी चालत जाणार नाही. चाळीस गाड्यांवरचं छप्पर पाचशे चौ.मी. होतं. एका किलोवॅटला दहा चौ.मी. धरले तरी ५० किलोवॅट सौर पॅनल बसतात, त्यात हौदाचा पंप, गल्लीतले दिवे आणि गाड्यांचं चार्जिंग भागतं. पार्किंग उजेडात, दुकानांच्या समोर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत असावं. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर बॅटऱ्या चोरीला जातात आणि लोक कार पुन्हा दारात आणतात.

जुन्या वस्त्यांचं काय? संभाजीनगरच्या सिडकोत एन-१, एन-२ अशा नावांच्या सेक्टरांतल्या कितीतरी गल्ल्या सायकलच्या काळात आखलेल्या, अरुंद आणि माणसांच्या मापाच्या आहेत. गुंठेवारीतल्या दहा-पंधरा फुटी बोळांत कार जातच नाही, ती बाहेरच्या रस्त्यावर उभी राहून बसची वाट अडवते. अशा ठिकाणी आत काही करण्याआधी बाहेर पार्किंगची जागा शोधावी लागते, महापालिकेचा एखादा मोकळा भूखंड किंवा बंद पडलेला बाजारओटा. रस्ता सार्वजनिक असल्याने रहिवाशांना स्वतः फाटक लावता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनाचा आणि त्याने नेमलेल्या प्राधिकरणाचा आहे. म्हणून गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्यांचा अर्ज, सोबत हाताने काढलेला नकाशा, महापालिका आणि वाहतूक पोलीस दोघांकडे द्यावा, आणि मागणी छोटी ठेवावी: एक गल्ली, संध्याकाळी पाच ते आठ, तीन महिने. रंगवलेले दोन ड्रम आणि एक फलक, एवढाच खर्च. सुरुवात मार्चमध्ये नको, जूननंतर करा. पहिला अनुभव उन्हाचा आला तर सह्या करणारेच मागे फिरतात.