आमच्या घरचा खबरी

आमच्या घरात एक खबरी आहे. वय वर्षं आठ, इयत्ता तिसरी. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला शुगर निघाली आणि त्याच आठवड्यात मी चिरंजीवांना कामावर ठेवलं. दर बातमीमागे एक चॉकलेट, असा आमचा तोंडी करार. संध्याकाळी ऑफिसातून आले की चपला काढायच्या आत तो दारात येऊन कुजबुजतो, "आजीने लाडवाचा डबा काढला होता. झाकणाचा आवाज आला."

"किती खाल्ले?"

"दीड. उरलेला अर्धा मला दिला."

त्या अर्ध्या लाडवाकडे मी तेव्हा काणाडोळा केला. ते पुढे भोवलं.

आईने एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता तिला गुन्हेगारीतलं काहीही चालतं, फक्त बातम्यांतलं सोडून. अट एकच, लांबण लावायची नाही. "सहा सीझन? माझा कितवा सीझन चालू आहे ते बघ आधी," असं म्हणून तिने दोन-तीन गाजलेल्या मालिका उडवून लावल्या. माझी मावसबहीण टोकियोला, निशी-कसाईत राहते. तिला फोनवर हे गाऱ्हाणं सांगितलं तर ती म्हणाली, मग 'डबल फेस' बघा, जपानी आहे, दोनच भाग, संपला विषय. भाग सिनेमाएवढे आहेत, पण दोनच. आई तयार झाली. शनिवारी एक, पुढच्या शनिवारी दुसरा, मध्ये कुणी एकट्याने बघायचा नाही. हा नियम मीच केला होता.

गोष्ट एका ओळीत मावते. पोलिसांनी ओदा नावाच्या याकुझा, म्हणजे जपानी गुंडांच्या, टोळीत आपला माणूस पेरलाय, आणि त्याच टोळीने आपला माणूस पोलिसात पेरलाय. पहिला मोरिया, दुसरा ताकायामा. अमली पदार्थांचा एक सौदा फिसकटतो आणि दोन्ही बाजूंना कळून चुकतं की आपल्यात घरभेदी आहे. मग शोधाशोध सुरू होते आणि शोधणाऱ्यांच्या घोळक्यात तो घरभेदीही गंभीर चेहरा करून उभा असतो. आईला हे भारी आवडलं. पेपर फुटल्यावर चौकशी समितीत सगळ्यात जास्त कोण बोलतो ते बघावं, असं ती म्हणाली. कुठल्या शाळेतला किस्सा ते काही सांगितलं नाही.

मूळ गोष्ट जपानी नाहीच. २००२ साली हाँगकाँगमध्ये यावर सिनेमा निघाला, २००६ साली तीच कथा अमेरिकेत बॉस्टनला गेली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन आली. जपान्यांनी ती २०१२ मध्ये टीव्हीवर आणली. म्हणजे तिसऱ्यांदा तापवलेली आमटी. तरी चव बदललीय, आणि त्याला कारण मोरियाचं काम करणारा हिदेतोशी निशिजिमा. या माणसाला पुढे 'ड्राइव्ह माय कार'मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. इथे तो मारामारी करतो, बंदूक रोखतो, ते सगळं ठीकच. पण मला आठवतात ते त्याचे खांदे. चार लोकांत बसलेला असला तरी ते किंचित वर ओढलेले, पाठीमागून कुणी हाक मारेल अशा बेताने. कोणत्या नावाने मारेल हे माहीत नसावं, तसे.

आईने सबटायटल्स वाचता वाचता मध्येच पॉज करायला लावलं. "या पोराचा पगार कुठे जमा होतो?"

मी म्हटलं, "आई, गोष्ट आहे ती."

"असू दे. पीएफ कापतात का? टोळीत वर्षं काढली म्हणजे सर्व्हिस धरतात की नाही?"

मला हसू आलं, पण प्रश्न बिनतोड होता. जपानमध्ये याकुझा ही काही अंधारातली गोष्ट नव्हे. टोळ्यांची कार्यालयं असतात, पोलीस दरवर्षी त्यांच्या सभासदांची मोजदाद जाहीर करतात. १९६३ साली हा आकडा १ लाख ८४ हजारांच्या घरात होता, २०२३ च्या अखेरीस तो २० हजारांच्या आसपास आला. टोळीचा माणूस म्हणजे नोंदीतला माणूस. आणि ऑक्टोबर २०११ पर्यंत तिथल्या सगळ्या ४७ प्रांतांत असे नियम लागू झाले की याकुझाशी व्यवहार करणारा दुकानदारही अडचणीत यावा. त्यामुळे बँकेत खातं उघडायचं, भाड्याने घर घ्यायचं, मोबाइलचं कार्ड घ्यायचं, तर आधी लिहून द्यावं लागतं की मी टोळीचा नाही. मोरियाने काय लिहून द्यायचं? 'आहे' म्हटलं तर खातं नाही. 'नाही' म्हटलं तर ते खरंच आहे, पण त्याच्याजवळ पुरावा नाही.

पुरावा एकाच माणसापाशी आहे. ओनोदेरा नावाचा त्याचा पोलिसातला वरिष्ठ. बाकी अख्ख्या खात्याला हा पोरगा गुंड म्हणूनच ठाऊक. ओनोदेराचं काम ताकुझो कादोनो करतो. जपानी घरांत हा नट एका लांबलचक कौटुंबिक मालिकेतला रामेनच्या दुकानाचा मालक म्हणून ओळखला जातो, आई आणि बायकोच्या कात्रीत सापडलेला बिचारा नवरा. ते माहीत असल्यामुळे असेल, पण तो मोरियाला भेटतो तेव्हा वाटतं, साहेब आता विचारणार, जेवलास का?

इथे मला आमच्या तालुक्याच्या गावचा बहुरूपी आठवला. दिवाळी झाली की तो यायचा, फौजदार होऊन. खाकी शर्ट, त्याची दोन बटणं काळी आणि एक पांढरं, गळ्यात शिट्टी, हातात काठी. दारात काठी आपटून गरजायचा, "वॉरंट आहे! तुमच्या मांजरीने पाटलांच्या उंदराला फूस लावून पळवलंय! चला चावडीवर!" मी दाराआड. हे खोटं आहे हे कळायचं, तरी पोटात गोळा यायचा. मग आई पायलीभर नाही पण शेरभर धान्य घालायची आणि चहा द्यायची. तो टोपी काढून पायरीवर ठेवायचा, बशीत चहा ओतायचा आणि फुंकर मारायचा. त्या फुंकरीबरोबर फौजदार जायचा. उरायचा तो पिकल्या केसांचा एक माणूस. एकदा त्याने आईला विचारलं होतं, "बाई, माझ्या पोराला सातवीत घ्याल का, मधली दोन वर्षं बुडालीत." चहा संपला की टोपी घालायचा, आणि शेजारच्या दारात पुन्हा तीच काठी.

मोरियाला ती पायरी फक्त ओनोदेरापाशी आहे. आणि गोष्ट अशी रचलीय की मध्यावर ओनोदेरालाच मारतात. (हे सांगितल्याने काही बिघडत नाही, शेवट मी सांगणार नाही.) त्यानंतर मोरिया पोलीस आहे हे फक्त मोरियाला माहीत आणि एका फाइलला. फाइल ज्याच्या हाती लागू शकते तो ताकायामा. माझ्या अंगावर काटा आला तो इथे, गोळीबारात नाही.

ताकायामा झालाय तेरुयुकी कागावा, आणि त्याची स्वतःची गोष्ट मालिकेच्या तोडीची आहे. वडील काबुकीतले, म्हणजे जपानच्या पारंपरिक रंगभूमीवरचे, बडे नट. आई-वडील वेगळे झाले आणि हा त्या घराबाहेर वाढला, सिनेमा-टीव्हीत नाव कमावलं. काबुकीत मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी रंगमंचावर उभी राहतात. हा गडी उभा राहिला सेहेचाळिसाव्या वर्षी, जून २०१२ मध्ये, इचिकावा चुशा हे घराण्यातलं नाव घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरात ही मालिका लागली. म्हणजे एकाच वर्षात तो एका नावाने घराण्यात शिरला आणि दुसऱ्या नावाने पडद्यावर शिरकाव केलेला माणूस रंगवत होता. हे मावसबहिणीने फोनवर सांगितल्यावर मी त्याचा चेहरा नव्याने बघायला लागले. तो हसतो तेव्हा गाल हसतात, डोळे मात्र हजेरी घेत असतात. नंतर तो हिरव्या नाकतोड्यासारख्या किड्याचा वेष घालून मुलांना कीटक समजावून सांगायचा म्हणे. त्यातही तो भीतीदायकच दिसत असेल.

जपानी पोलीस भाषेत खबऱ्याला नुसतं 'एस' म्हणतात, स्पायमधला एस. टोळीवाले 'इनू' म्हणतात, इनू म्हणजे कुत्रा. आपला 'खबरी' हा शब्द त्या मानाने मवाळच. मोरिया मात्र खबरी नव्हे, तो पगारी पोलीस आहे, आणि गंमत अशी की असं नाव-गाव बदलून शिरणं हे तिथल्या खऱ्या पोलिसांच्या रोजच्या कामात बसत नव्हतं. खोटं ओळखपत्र दाखवून तपास करायची रीतसर मार्गदर्शक तत्त्वं तिथे आली ती जानेवारी २०२५ मध्ये. तीही याकुझांसाठी नव्हे. समाजमाध्यमांवर 'झटपट पैसे' म्हणून जाहिरात देऊन पोरांना दरोड्यांत ओढणाऱ्या टोळ्यांसाठी. त्या टोळ्या आधी ओळखपत्राचा फोटो मागतात आणि मग त्याच पत्त्यावरून धमकावतात. मोरिया टीव्हीवर आला तेव्हा त्याच्या खात्याकडे त्याच्यासाठी नियमही नव्हता.

उणं काढायचं तर पुष्कळ आहे. पार्श्वसंगीत सारखं कोपराने ढोसतं, घाबरा, आता घाबरा. बायकांच्या वाट्याला वाट बघण्यापलीकडे फारसं काही नाही. दुसरा भाग ताकायामाच्या बाजूने सरकतो आणि तिथे योगायोगांची गर्दी होते. पण पहिला भाग संपतो तो अशा जागी की पुढचा आठवडा काढणं कठीण.

जपानी प्रेक्षकांना तर आणखी गंमत होती. पहिला भाग १५ ऑक्टोबरला टीबीएसवर लागला, फुकट. दुसरा २७ ऑक्टोबरला वॉववॉववर, आणि ती वाहिनी पैसे भरून घ्यावी लागते. बारा दिवस त्या लोकांनी कसे काढले असतील? मला तीन दिवसही निघाले नाहीत. मंगळवारी रात्री सगळे झोपल्यावर कानात हेडफोन घालून, दिवे मालवून, पांघरुणात लॅपटॉप घेऊन मी दुसरा भाग बघून टाकला. पाण्याला उठलेल्या चिरंजीवांनी दारातून डोकावून विचारलं, "आई, काय बघतेस?" मी म्हटलं, "ऑफिसचं काम."

शनिवारी आईशेजारी बसले तेव्हा जीव टांगणीला. नवखा नट भूमिका कशी करतो ते मला त्या दिवशी कळलं. दचकायच्या जागी मी जरा आधीच दचकत होते. "आता काय होईल गं?" असं दोनदा विचारलं, तेही गरज नसताना. आईने काही विचारलं नाही, ती शेंगदाणे सोलत होती.

मध्येच मी विद्वत्ता पाजळली. हाँगकाँगच्या मूळ सिनेमाचं चिनी नाव बौद्धांच्या अवीची नरकावरून आहे, जिथल्या यातनांना खंड नाही. आई म्हणाली, "अवीची? तो भागवतात आहे की." उठली, कपाटातून पोथी काढली, पाचवा स्कंध उघडला. साक्ष देताना, व्यवहारात किंवा दान देताना जो खोटं बोलतो, त्याला शंभर योजनं उंच डोंगरावरून डोकं खाली करून टाकून देतात. खालचा दगड पाण्यासारखा दिसतो, पण त्याला लाटा नसतात. वीचि म्हणजे लाट, ती जिथे नाही तो अवीची.

दीड लाडू खाऊन 'एकच खाल्ला' म्हणणारी बाई मला हे चष्मा सावरत वाचून दाखवत होती. मी मान डोलावली. ओनोदेरालाही त्यांनी उंचावरूनच खाली टाकलं होतं, हे मात्र माझ्या मनात येऊन गेलं.

मालिका संपली. मी उसासा टाकला, मला वाटतं चांगला जमला होता. आईने शेंगदाण्याची फोलपटं पेपरात गोळा केली आणि पेपराची घडी घालत म्हणाली, "मंगळवारी रडली होतीस शेवटी. आज नाही रडलीस."

"मंगळवारी?"

"मला बुधवारी सकाळीच कळलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती वेळ टिकतेस ते बघत होते. आणि हे बघ, लाडवाचा विषय आता बंद. नाहीतर शाळेत सांगायची सवय आहे मला, कोण कोणाची कॉपी करतं ते."

"पण तुला सांगितलं कुणी?"

आईने काही उत्तर दिलं नाही, नुसतं सोफ्याकडे पाहिलं. चिरंजीव तासाभरापूर्वीच तिथे झोपले होते. गालाला बेसनाचा एक कण चिकटलेला. आणि डोळे गच्च मिटलेले, झोपलेलं माणूस कधी मिटत नाही इतके गच्च.