अनंत चतुर्दशी, तिसरा मजला

घरी जाऊन नर्सिंग करणं हे माझं काम. इंजेक्शन, ड्रेसिंग, नाकातली नळी, लघवीची नळी. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या पेठांमधल्या व्हिजिट आम्ही आदल्या दिवशीच उरकतो. एकदा मिरवणूक सुरू झाली की लक्ष्मी रोड दुसऱ्या दिवसापर्यंत मोकळा होत नाही. तरी त्या संध्याकाळी सदाशिव पेठेतून फोन आलाच. ऐंशी ओलांडलेले आजोबा, पार्किन्सन, प्रोस्टेटमुळे लघवीला कायमची नळी. दुपारपासून पिशवी कोरडी, पोट फुगलेलं, जिवाची नुसती तगमग. सूनबाई १०८ ला फोन लावायच्या बेतात होत्या.

ताप, थंडी? नाही. रक्त? नाही. रक्त पातळ करायची गोळी? नाही. माणसं ओळखतात का? "ओळखतात की, शिव्या देतायत!" आमच्या डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "जाऊन बघ. ताप असला किंवा बीपी पडलेलं असलं तर नळीला हात न लावता सरळ हॉस्पिटल."

गाडी म्हात्रे पुलाजवळ ठेवली आणि बॅग पोटाशी धरून चालत निघालो. मिरवणुकीत अँब्युलन्सला लोक वाट करून देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण या वाड्याचा लाकडी जिना एका माणसापुरता. लिफ्टचा प्रश्नच नाही. आजोबांना खुर्चीत बांधून तीन मजले उतरवायचं, तेही मूत्राशय तट्ट भरलेलं असताना, याचीच मला जास्त धास्ती होती.

खिडक्या लावल्या तरी ढोलताशा छातीत वाजत होता. स्टेथोस्कोपमधून काही म्हणजे काही ऐकू येईना. डिजिटल मशीन आजोबांच्या थरथरत्या हातावर नुसतं एरर दाखवत होतं. मग जुनी पद्धत: कफ फुगवायचा, मनगटावर बोटं ठेवायची, हवा सोडताना नाडी लागली की आकडा वाचायचा. १८०. खालचा आकडा या पद्धतीत मिळत नाही. ताप नव्हता. नाभीखाली हात ठेवला तर गोळा कडक लागला. डॉक्टरांना सगळं व्हॉट्सॅपवर टाइप केलं, बोलणं अशक्यच होतं.

नळीला कुठे पीळ बसला नव्हता. पन्नास एमएलच्या सिरिंजने थोडं सलाईन सोडून पाहिलं, जाईना. म्हणजे बदलायचीच. नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्यातलं पाणी काढून जुनी नळी हळूच ओढली. टोकावर खडूसारखा पांढरा थर, भोकं पार बुजलेली. बधिर करणारी जेली घालून पाच मिनिटं थांबलो. (ही पाच मिनिटं घाई करणारे पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांचे पेशंटही.) १६ नंबरची सिलिकॉनची नळी सरकवली. लघवी दिसल्याशिवाय फुगा भरायचा नाही, नाहीतर तो मूत्रमार्गातच फुगतो. दिसली. मग दहा सीसी स्टराइल वॉटर भरलं.

पिशवीत नऊशे एमएल जमली. आजोबांचं कण्हणं थांबलं आणि पहिलं वाक्य आलं, "आमचा गणपती गेला का पुढे?" बीपी पुन्हा पुन्हा बघत तासभर तिथेच बसलो. १४० वर आलं. आजींनी तेवढ्यात बळेबळे वाटली डाळ खायला घातली.

परदेशातल्या मुलाचा फोन आला. नुसती नळी बदलायचे एवढे पैसे? हा प्रश्न मला सवयीचा आहे. कॅज्युअल्टीत भरती झाल्यावर बिलाची पहिली ओळ कोणी विचारत नाही, घरी आलेल्या माणसाला मात्र हमखास विचारतात. सूनबाईंनीच परस्पर झापलं त्यांना.

निघताना त्या म्हणाल्या, "ब्रदर, म्हणजे आता असलं काही झालं की तुम्हालाच फोन करायचा ना?"

नाही, म्हटलं. कॅलेंडरच्या मागे लिहून दिलं: थंडी वाजून ताप, लघवीत रक्ताच्या गाठी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं. यातलं काहीही दिसलं तर पहिला फोन १०८ ला. आणि जिन्यासाठी खालच्या मंडळाच्या दोन धडधाकट पोरांचे नंबर आजच घेऊन ठेवा.