मी बरी शे

भाचीला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, मामा, नाव गाळा आणि बाकी सगळं लिहा.

मी भुसावळला रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. आयुष्यभर लोकांचे फॉर्म तपासले, चुकीच्या रकान्यावर बोट ठेवलं. गेल्या मे महिन्यात रात्री साडेआठला न्यू जर्सीहून तिचा फोन आला. तिकडे सकाळचे अकरा. "मामा, काल रात्री मी ९११ ला फोन केला. पोलीस त्याला घेऊन गेले."

नवरा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ही त्याच्या आधारावर एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. दीड वर्ष तो एकच धमकी देत होता: एक फोन केला की तुझा व्हिसा रद्द, पोलीस तुलाच विमानात बसवतील. पोलिसांनी तिला विमानात बसवलं नाही. कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, नवऱ्याने जवळ फिरकायचं नाही असा. पण घटस्फोट झाला की तिचा एच-फोर संपतो, हेही खरंच होतं.

अंमळनेरहून बहीण रडत होती, "तिले आठे लई ये, भाऊ." मलाही तेच वाटत होतं. पोरगी म्हणाली, "गुन्हा त्याचा आणि घरी मी परत येऊ?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

मग गावातले सल्लागार. एकाने जवळच्या शहरातला एजंट सुचवला. धर्मावरून छळ झाला असं लिहून आश्रय मिळवून देतो म्हणे. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. आश्रय मागायचा तो आपल्या देशातल्या छळासाठी. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांपैकी कारण हवं, आणि अमेरिकेत पोहोचल्यापासून साधारण वर्षाच्या आत अर्ज. जाणूनबुजून खोटं लिहिलेलं उघड झालं तर तिथल्या इमिग्रेशनचे बाकीचे रस्तेही कायमचे बंद. आणि हिला अंमळनेरात कोण छळत होतं? मार बसला तो न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात.

तिथे 'मानवी' नावाची संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. तिथून वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नवऱ्याच्या कार्डाबद्दल. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असता, तर व्हावा (VAWA) या बायकांवरच्या अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली बायकोला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता आला असता. हा एच-वनवाला, म्हणून तो दरवाजा नाही. मारणाऱ्याच्या कागदावर मार खाणारीचा हक्क ठरावा, हे मला अजून पटलेलं नाही.

उरला यू व्हिसा. गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि तपासात मदत करणाऱ्यांसाठी तो आहे. पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांच्यापैकी कोणाची तरी सही लागते, अर्ज करण्याआधीच्या सहा महिन्यांतली. आणि सही करायला ते बांधील नसतात. वर्षाला मूळ अर्जदारांना १०,००० च व्हिसा, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची. आमच्या वेटिंग लिस्टला नावं ठेवणाऱ्यांनी ही रांग बघावी. एक गोष्ट मात्र मी बहिणीला दोनदा वाचून दाखवली: या अर्जाची माहिती सरकारी कचेरीने नवऱ्याला द्यायची नाही, असा कायदाच आहे.

यात माझं काम निघालं ते वेगळंच. भाचीने आईला पाठवलेले व्हॉट्सअॅप मेसेज पुरावा म्हणून जोडायचे होते, आणि ते सगळे अहिराणीत. सोबत इंग्रजी भाषांतर हवं. पंखा गरम हवा फेकत होता आणि मी चार रात्री डिक्शनरी घेऊन बसलो.

"माले भ्याव लागस" जमलं. अडलो ते "मी बरी शे", म्हणजे मी बरी आहे, यावर. दीड वर्षात तिने तो एकोणीस वेळा लिहिला होता, त्यातला एक मनगटाला प्लास्टर होतं त्या आठवड्यातला. मला वाटलं, याने केस उलटी पडेल. वकीलबाईंना विचारलं, हे गाळू का? त्या म्हणाल्या, एकही गाळू नका, फक्त प्रत्येकापुढे तारीख घाला. हॉस्पिटलचे कागद आहेतच आपल्याकडे.

शेवटच्या पानावर भाषांतरकाराचं प्रमाणपत्र होतं: मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. भाषेच्या रकान्यात मी मोठ्या अक्षरांत अहिराणी लिहिलं आणि खाली सही केली.